उभा महाराष्ट्र आणि बसलेले आम्ही

सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून गाडी काढून वडगावात घरी पोचेपर्यंत पावणेबारा होतात. गल्लीत एखाद्या घरात अजून माग चालू असतो, त्याच्या खडखडाटात कडी काढल्याचा आवाजही ऐकू येत नाही. आई झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज आठवर. ताटावर झाकलेलं ताट काढायचं, भाकरी मोडायची, डाव्या हातात रिमोट घ्यायचा. वाहिन्यांच्या डोक्यात रात्री उशिरा टीव्ही बघणारा म्हणजे झोप न येणारा शहरी तरुण असतो. आमच्याकडे तो चाळिशी ओलांडलेला, दोनदा साबण लावूनही हाताचा मशीनच्या कूलंटचा वास न गेलेला बाप्या असतो.

याच वेळेला एका मराठी वाहिनीवर गप्पांचा एक कार्यक्रम मी नेमाने बघायचो. मूळचा साडेनऊचा, माझ्या वाट्याला त्याचं रात्रीचं रिपीट. एक यजमान, एक सोफा, दोन पाहुणे, कोपऱ्यात वाद्यवाले. काही महिन्यांत तो गुंडाळला. वाहिनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं भांडण एका वाहिनीशी नाही आणि असे आले-गेले कार्यक्रम प्रत्येकीच्या खात्यावर दोन-चार सापडतील.

बंद झाल्यावर चहाच्या सुट्टीत विषय निघाला. आमच्या खात्यातला सगळ्यात जुना माणूस, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो म्हणाला, “बरा होता ओ, खरं पावणे तेच तेच.” (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) दुसरा म्हणाला, “आमची बायको बघायची, मी न्हाई. मला ते हसण्याआधीच हसतंय ते सोसत न्हाई.” तिसऱ्याने विचारलं, “कवा बंद झाला?” त्याला तो चालूच आहे असं वाटत होतं. आणि व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणारं कटाईचं मशीन) पोरगा मान वर न करता म्हणाला, “मी तुकडे बघालोय की अजून, मोबाईलवर.”

चार माणसं, चार मतं. एकाचं कौतुक ‘खरं’ लावून, एकाची तक्रार, एकाचं अज्ञान आणि एकाचं बघणं कुठल्याच खात्यात न बसणारं. पण कार्यक्रम बंद होताना जे वाक्य फिरतं ते एकच असतं : प्रेक्षकांनी पाठ फिरवली. मला त्या वाक्यातला ‘प्रेक्षकांनी’ हा शब्द तपासून बघायचा आहे. कारखान्यात माझं कामच नग तपासण्याचं आहे, सवय जात नाही.

आधी एक कबूल करतो. अल्पायुषी ठरलेला प्रत्येक कार्यक्रम काही अन्यायाने मेलेला नसतो. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं खरं माहेर अमेरिका, आणि तिथे १९९३ च्या सप्टेंबरात चेव्ही चेस या नावाजलेल्या विनोदी नटाला फॉक्स वाहिनीने असाच कार्यक्रम दिला होता. मोठा गाजावाजा, त्याच्या नावाचं थिएटर, आणि ऑक्टोबर संपायच्या आत खेळ खलास. पाच-सहा आठवडे. त्याचे तुकडे आज बघितले तरी कळतं, माणूस खुर्चीत अवघडून बसलाय. तिथे प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणायला माझी हरकत नाही. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव नगात, भोक दिसत असताना माप तपासायचा गेज कशाला लावायचा?

त्याच महिन्यात, त्याच देशात, एनबीसी वाहिनीवर कोनन ओब्रायन नावाचा एक उंच, लाल केसांचा, कुणालाच माहीत नसलेला लेखक मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाचा यजमान झाला. टीकाकारांनी त्यालाही धुतलं. वॉशिंग्टन पोस्टच्या टॉम शेल्स यांच्यासारख्या वजनदार समीक्षकाने तर सोलूनच काढलं. वाहिनीचाही भरवसा नव्हता, तेरा-तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत त्याला टांगत ठेवलं होतं. आमच्याकडे कंत्राटी पोरांना ठेवतात तसंच. पण ठेवलं. दोन-तीन वर्षांत गडी तयार झाला, शेल्स यांनी आपलं मत जाहीरपणे फिरवलं, आणि तो कार्यक्रम त्याने २००९ पर्यंत, सोळा वर्षं चालवला.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ‘टुनाइट शो’ ही तिकडची रात्रीच्या गप्पांची गादी. जॉनी कार्सन यांनी ती १९६२ पासून १९९२ पर्यंत सांभाळली, मग जे लेनो आले. २००४ मध्येच एनबीसीने जाहीर केलं होतं की २००९ ला ती कोननकडे जाईल. १ जून २००९ ला तो बसला. पण लेनोला हातचा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून वाहिनीने सप्टेंबरपासून त्याला रोज रात्री दहाचा वेगळा कार्यक्रम दिला. मालिकांपेक्षा तो स्वस्त पडत होता. तो चालला नाही. अमेरिकेत गावोगावची स्थानिक स्टेशनं वाहिनीला जोडलेली असतात, आणि त्यांची कमाई अकराच्या स्थानिक बातम्यांवर असते. दहाचा कार्यक्रम पडला की अकराच्या बातम्या पडतात, बातम्या पडल्या की साडेअकराचा ‘टुनाइट शो’ही घसरतो. स्टेशनवाल्यांनी ओरड केली. वाहिनीने तोडगा काढला : लेनोला साडेअकराला आणायचं आणि कोननला बारानंतर ढकलायचं. १२ जानेवारी २०१० ला कोननने जाहीर पत्र लिहून नकार दिला आणि २२ जानेवारीला शेवटचा भाग झाला. आठ महिने भरले नव्हते. १ मार्चला लेनो पुन्हा त्याच खुर्चीत.

म्हणजे एकाच माणसाला एकदा वेळ मिळाला तेव्हा सोळा वर्षं, नाही मिळाला तेव्हा सात महिने. त्याचे आकडे कमी होते हे खरंच आहे, बऱ्याच आठवड्यांत सीबीएसवरचे डेव्हिड लेटरमन पुढे असायचे. पण प्रेक्षकांच्या मताची खरी मजा शेवटी झाली. जानेवारीच्या पावसात त्याचे चाहते स्टुडिओबाहेर जमले, आणि शेवटचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी बघितला, रोजच्या कितीतरी पट. एवढे लोक आधी कुठे होते? काही जण खरेच बघत होते आणि बाकीचे, मयताला येतात तसे, माणूस गेल्यावर आले. बघणं वेगळं, मत असणं वेगळं, आणि मोजलं जाणं तर तिसरंच. हे तिन्ही एकच समजून आपण ‘प्रेक्षकांनी नाकारला’ म्हणून मोकळे होतो.

कोननच्या त्या पत्राची एक गोष्ट मला फार आवडते. त्याची सुरुवात होती ‘पृथ्वीवरच्या लोकांनो’. विनोदच तो. पण आपल्याकडच्या प्रत्येक गप्पांच्या कार्यक्रमाची सुरुवात आठवा. ‘उभ्या महाराष्ट्राची लाडकी’, ‘अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावणारा’, ‘महाराष्ट्रातल्या तमाम रसिकांना नमस्कार’. माझ्या हातात भाकरीचा घास आणि टीव्हीवर नमस्कार उभ्या महाराष्ट्राला. मी बसलेला, तोही कर्नाटकात. पृथ्वीवरच्या लोकांत वडगाव निदान मोडतं तरी.

हा रुसवा भाषेपुरता असता तर लेख लिहिला नसता. ‘उभा महाराष्ट्र’ हा नुसता अलंकार नाही, हिशोबाची चौकट आहे.

देशात कोण काय बघतं ते मोजण्याचं काम २०१५ पासून बार्क, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, करते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरात बसवलेलं मीटर ती खूण ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे त्याची नोंद घेतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. टीव्हीपुढे बसताना दाबायचं, उठताना दाबायचं. अशी घरं देशभरात सुमारे ५५ हजार. बार्कच्याच २०२० च्या अंदाजाने देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे एका घराच्या पाठीवर पावणेचार हजार घरांचं ओझं.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की बोगस आहे सगळं. मी म्हणणार नाही. पाचशे नगांचा लॉट आला की आम्हीही पाचशे तपासत नाही. ठरलेले नग काढायचे, गेज लावायचा, त्यावरून लॉट पास की रिजेक्ट. नमुना हे शहाण्यांचं साधन आहे. पण त्याचा एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात : नग त्याच लॉटमधला पाहिजे. भट्टीतून एकदा ओतलेलं लोखंड म्हणजे एक हीट, तिचा नंबर कास्टिंगवर उठवलेला असतो. एका हीटचे नग तपासून दुसऱ्या हीटवर शिक्का मारला तर सुपरवायझर आधी रजिस्टर फेकेल, मग मला.

मराठी वाहिन्यांची जी साप्ताहिक यादी बाहेर येते, पहिल्या पाचात कोण आणि कोण घसरलं, ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेची असते. कन्नडची असते ‘कर्नाटक’ची. भाषा आणि राज्य ही जोडी धरून ठेवलेली. कोगनोळी नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलच्या घरात मराठी कार्यक्रम लागला तर तो मराठीच्या यादीत पडतो. नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकातल्या निपाणीच्या घरात तोच कार्यक्रम, त्याच मिनिटाला, तेवढ्याच मोठ्या आवाजात लागला तर तो कर्नाटकच्या ढिगात जातो. तिथे मीटर असलं तरी त्या ढिगातून मराठीचे दाणे वेचायला कोण बसणार? कन्नड वाहिनीला त्यांचा उपयोग नाही आणि मराठी वाहिनीचा माणूस तो कागद उघडत नाही.

बेरजेत हातचा घ्यायला विसरलं की उत्तर चुकतं, पण वही नीटनेटकीच दिसते. आम्ही तो हातचा.

किती मोठा हातचा, तेही सांगतो. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे २० लाखांहून जास्त आहेत. एकट्या बेळगाव जिल्ह्याच्या ४७ लाखांहून अधिक लोकसंख्येत साधारण पाचातला एक मराठी. आता गोवा बघा. संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, आणि त्यात मराठी मातृभाषा नोंदवणारे दीड लाखाच्या थोडे वर. गोवेकर मराठी कार्यक्रम आवडीने बघतात आणि त्यांना मराठीच्या बाजारपेठेत धरलंय हे चांगलंच आहे, मी त्यांना काढा म्हणत नाही. पण राज्याची शीव ओलांडून मराठी प्रेक्षक मोजता येतो, हे गोव्याच्या उदाहरणाने सिद्धच झालंय. मग चोर्ला घाट उतरल्यावर गोव्यात जो प्रेक्षक आहे तो घाट चढून आमच्याकडे आल्यावर प्रेक्षक का नाही? आमच्या जिल्ह्यातल्या खानापूरचा माणूस कामाला गोव्यात जातो तेव्हा तो मराठीच्या बाजारपेठेत शिरतो आणि गणपतीला घरी आला की बाहेर पडतो, असा हा कारभार.

यावर उत्तर ठरलेलं आहे : जाहिरातदार राज्य बघून पैसे टाकतो. बाजारपेठ म्हणजे वितरक, गोदाम, दुकान. कर्नाटकचा वितरक वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा. हे उत्तर टाकाऊ नाही. पण आमच्या भागात ते अर्धंच लागू पडतं. त्या कार्यक्रमाच्या मधल्या जाहिरातींतले सराफ, मसालेवाले, लोणचीवाले बघा. ते मसाले बेळगावच्या गणपत गल्लीत मिळतात. लग्नाच्या खरेदीला आमच्याकडचे कोल्हापूर गाठतात. जाहिरातदाराला बेळगाव फुकटात मिळतं, म्हणून त्याची तक्रार नाही. पदरात पडलेल्या फुकटच्या मालाचं वजन कोण करून घेतो?

आणि आम्ही मात्र फुकटात बघत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा दरनियम आला. आधी शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर कर, मग पैसेवाल्या वाहिन्या आपापल्या निवडायच्या. त्या महिन्यात आमचा केबलवाला पोरगा गठ्ठाभर फॉर्म घेऊन दारात आला होता. पहिल्याच पानावर कर्नाटक पॅक. त्यात कन्नड सगळं, हिंदीतलं थोडं, खेळ. मी विचारलं, मराठी? त्याने पान उलटून पेनाने खुणा केल्या. “हे वरचे पैसे बघा अण्णा. हे पायजे तर हे. सगळं घेटलासा तर एवढं हुतंय.” आईने विचारलं, “पयलं तर येत हुतंच की सगळं?” तो म्हणाला, “पयलं हुतं आक्का. आता दिल्लीस्नं ठरलंय.” त्याने जोडीला टीप दिली : गल्लीत बऱ्याच जणांनी एकच मराठी वाहिनी ठेवलीय, मालिकांची. बाकी काढल्यात.

आमच्या घरात वाद झाला. आईला मालिका, मला बातम्या आणि हे रात्रीचं, पोराला मॅच. शेवटी मॅचचं एक चॅनेल काढलं आणि मराठीची ठेवली, पोरगा आठ दिवस बोलला नाही. म्हणून म्हणतो, भाषेसाठी महिन्याला वेगळे पैसे मोजणारे आम्ही, आणि मोजले न जाणारेही आम्हीच. पुण्यातल्या घरात मराठी वाहिनी न मागता येते. बेळगावात ती निवडून, वरचे पैसे देऊन घ्यावी लागते. व्यापाराच्या भाषेत जास्त पक्कं गिऱ्हाईक कोण?

आता कुणी म्हणेल, मालिकांबद्दल का नाही ओरडत, गप्पांच्या कार्यक्रमाबद्दलच का? कारण मालिका आमच्याशिवाय चालते. तिला आमची गरज नाही आणि खरं सांगायचं तर तिलाच कुणाची गरज नाही, ती आपली चालत राहते. गप्पांचं तसं नाही. गप्पा कुणाशी तरी मारायच्या असतात. यजमान कॅमेऱ्यात बघून बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे कुणीतरी बसलेलं असतं, आणि कोण बसलंय हे त्याला आकड्यांनी सांगितलेलं असतं. त्यावरून पाहुणे ठरतात, टोमणे ठरतात, कुठल्या गावाचं नाव घेतलं की हशा येईल ते ठरतं. लोकलची गर्दी, पुणेरी पाट्या, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा यांच्यापुढे आमचे टॉक शो फारसे गेलेच नाहीत. सीमाभागाचा माणूस सोफ्यावर आलाच तर डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा किंवा १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, इथले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या सुमारास, तोही बातम्यांच्या वाहिनीवर, चौकटीत, ओरडताना. आम्ही एरवी हसतो, जेवतो, भांडतो, चांगलं नाटक आलं की कामावर रजा टाकतो, हे सोफ्यावर कधी येत नाही. आलोच तर ‘करालोय, बघालोय’ या आमच्या बोलीवर दोन मिनिटं हशा आणि मग जाहिरात.

इथला प्रेक्षक जाणकार आहे असं मात्र प्रत्येक कलावंत म्हणतो. २०१५ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय नाट्यसंमेलन इथे झालं, फय्याज अध्यक्ष होत्या, तेव्हा हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी आम्हालाच लाजल्यासारखं झालं. आणि बेळगावचा माणूस पु. ल. देशपांड्यांचं नाव घेतल्याशिवाय लेख संपवत नाही, तेव्हा मीही घेतो, पण विषयाला धरून. भारतीय दूरदर्शनच्या पाळण्यातल्या दिवसांत पंडित नेहरूंची मुलाखत कॅमेऱ्यापुढे घेणारा हा माणूस त्याआधी इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेला होता. पडद्यावरच्या मराठी मुलाखतकारांच्या वंशावळीत आमच्या गावाचं पाणी आहे, एवढंच म्हणायचंय. जाणकार आहोत, जमेस मात्र नाही.

इथे मला आमच्या बाजूचंही बोललं पाहिजे. आमच्याच घरात टीव्हीची सगळी वेळ मराठीला जात नाही. झी कन्नडवर रमेश अरविंद यांचा ‘वीकेंड विथ रमेश’ लागायचा तेव्हा शेजारची मागवाली कन्नड आक्का आमच्या आईजवळ येऊन बसायची. मोठ्या माणसाला लाल खुर्चीत बसवायचं आणि त्याचे शाळामास्तर, जुने मित्र, शेजारी यांना एकेक करून आत आणायचं. आईला कन्नड बोलता येतं तोडकं-मोडकं, कळतं सगळं. पाहुण्याचे म्हातारे मास्तर काठी टेकत आले की दोघी पदराने डोळे पुसायच्या. मला तो जरा जास्तच रडका वाटायचा. पण एक बघितलं, त्यात हुबळीचं, दावणगेरेचं, कुठल्या तरी हळ्ळीचं, म्हणजे खेड्याचं, नाव निघायचं. तो कार्यक्रम बेंगळुरूच्या बाहेर बघून बोलायचा. आमच्या मराठी सोफ्यावर मुंबई-पुण्याबाहेरचा मास्तर काठी टेकत आलेला मला आठवत नाही.

आणि म्हणूनच हा प्रश्न मराठी विरुद्ध कन्नड असा नाहीच. महाराष्ट्रात कन्नड मातृभाषा असलेले लोक दहा लाखांच्या घरात आहेत. अक्कलकोटला, जतला, दक्षिण सोलापुरात बसून कन्नड कार्यक्रम बघणारी आक्का कन्नडच्या यादीत नाही, ती ‘महाराष्ट्र-गोव्या’च्या ढिगात हरवलीय. तिचं दुखणं आणि माझं दुखणं एकच आहे, फक्त उलटं धरलेलं. सीमाप्रश्नावर दोन्हीकडची मंडळी एका व्यासपीठावर बसलेली बघायला मिळणं कठीण, पण या एका मागणीवर बसता येईल. भाषेचा कार्यक्रम भाषेच्या प्रेक्षकांत मोजा, ते कुठल्याही राज्यात बसलेले असोत. राज्याचा आकडा जाहिरातदाराला हवा तर तो द्याच, शेजारी भाषेचाही एक रकाना काढा. मीटर आहेत, खुणा आहेत, नोंदी आहेत, फक्त बेरीज वेगळी करायची आहे. सीमाभागातल्या मीटरांची संख्या अशा बेरजेला पुरेशी नसेल तर ती वाढवायची.

१९५६ पासूनचं सीमेचं भांडण आमच्या दाराशी आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी मुंबईत आरोग्य योजना जाहीर होते, बेंगळुरूहून हरकत येते, आम्ही दोन्हीकडच्या बातम्या वाचतो. त्या सगळ्यात टीव्हीचा आकडा म्हणजे अगदीच किरकोळ, हे मला कळतं. पण या किरकोळ गोष्टीला ना न्यायालयाची तारीख लागते, ना विधानसभेचा ठराव, ना बंदोबस्त. वाहिनीच्या एका कचेरीत बसलेल्या माणसाने एक कागद जास्तीचा मागायचा आहे. १ नोव्हेंबरला आमच्यासाठी दंडाला काळी फीत बांधणाऱ्या मुंबईच्या पुढाऱ्यांनी कधी मराठी वाहिन्यांना हे विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

एक शंका मी स्वतःलाच विचारली आहे. आम्हाला मोजलं असतं तर तो कार्यक्रम वाचला असता का? बहुधा नाही. मामा म्हणाला तसे पावणे तेच तेच होते. ज्याचा सिनेमा शुक्रवारी, तो सोफ्यावर बुधवारी. वाद्यवाल्यांना प्रत्येक विनोदानंतर वाजवायला लावायचे, विनोद नसला तरी. यजमान हुशार होता, पण त्याला पाहुण्याचं ऐकायला वेळ नव्हता, पुढचा प्रश्न हातातल्या कार्डावर वाट बघत असायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तो थोडा सैल पडायला लागला होता. एका भागात तर एक जुना नाटकवाला पाहुणा दौऱ्यात बस बंद पडल्याचं सांगत बसला आणि याने कार्ड खिशात घातलं, दहा मिनिटं नुसतं ऐकलं. मी आमटी गार होऊ दिली. कोननसारखी त्याला दोन वर्षं मिळायला हवी होती असं माझं मत आहे, पण ते एका माणसाचं मत झालं. आमचे आकडे धरून कार्यक्रम पडला असता तर पडला असता. रिजेक्शनचं दुःख नाही, आमच्या खात्यात ते रोजचंच आहे. रजिस्टरमध्ये आमच्या लॉटची ओळ नाही आणि शेऱ्यात मात्र ‘सर्व लॉट तपासले’ असं लिहिलंय, त्यावर माझी सही मागू नका.

व्हीएमसीवरचा पोरगा म्हणतो मोबाईलवर हे काही नसतंय, तिथे माझा एक तो एकच. त्याचं बरोबर असेल. त्या तुकड्यांचा हिशोब वाहिनी कुठे धरते हे त्यालाही सांगता आलं नाही. आणि तुकड्यात विनोद येतो, दहा मिनिटं ऐकून घेणं येत नाही. शिवाय भाकरी मोडताना मोबाईल तेलकट होतो, हा माझा मुद्दा त्याने हसून उडवला.

या महिन्यात केबलवाला पोरगा पैशाला आला तेव्हा मी घरीच होतो. आता फॉर्म नाही, त्याच्या मोबाईलवरच सगळं. बोट फिरवत म्हणाला, “अण्णा, तुमच्यात मराठीचं हे एक लई कुणी ठेवत न्हाईत आता. काढू? पैसे वाचतील.” मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, त्या वाहिनीवर शनिवारपासून गप्पांचं काहीतरी नवं लागणार आहे, जाहिरात बघितली, नमस्कार घालतोय उभ्या महाराष्ट्राला.

“ऱ्हाऊ दे,” म्हटलं. “खरं रिपीट किती वाजता हाय तेवढं बघून सांग.”